जगबुडीच्या पुस्तकातलं पीठ

फोन शाळेत आला. मी नववीच्या वर्गावर होतो. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, जळगावहून फोन होता. तुमचे मेहुणे वारले." यावर मी पहिला प्रश्न काय विचारावा? "फोन कोणी केला होता? नाव सांगितलं का?" नाव शिपायाने विचारलंच नव्हतं. मी ऑफिसात जाऊन मेहुण्यांच्या, म्हणजे नानांच्या, शेजाऱ्यांकडे फोन लावला, बातमी खरी असल्याची खात्री करून घेतली आणि मगच हातातला खडू खाली ठेवला. स्वभावच असा. धुळ्याच्या शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवतोय, पण पोरांच्या निबंधात एखादं बरं वाक्य दिसलं की आधी मनात येतं, हे कुठून उतरवलं असेल? आज नानांना जाऊन सव्वा महिना झाला. त्यांच्याविषयी लिहायला बसलोय खरा, पण यात त्यांच्याइतकीच माझ्या संशयाचीही गोष्ट येणार आहे. तिला इलाज नाही.

नाना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. जळगावात मेहरूणला राहायचे आणि कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. हंगामात कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची आणि कोणत्या गाडीला कोणती प्रत द्यायची ते नाना ठरवायचे. गाडीच्या वरचा कापूस ते बघायचेही नाहीत. बाही खांद्यापर्यंत सारून हात थेट गाडीच्या पोटात घालायचे, तळाचा पुंजका ओढून काढायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ताणायचे आणि मग तो पुंजका गालाला लावायचे. वजन वाढावं म्हणून कोणी पाणी शिंपडलं असेल तर गालाला गारवा लागतो. एकदा सुट्टीत मी गंमत म्हणून बघायला गेलो होतो. एका बड्या असामीची गाडी होती. वर पांढराशुभ्र कापूस, आणि नानांनी आतून काढला तो ओला, पिवळट. मालक शपथा घ्यायला लागला, दव पडलं, गड्याने घोटाळा केला, अमुक झालं, तमुक झालं... नानांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, चिठ्ठीवर 'कवडी' असं लिहिलं आणि पुढच्या गाडीकडे गेले. कवडी म्हणजे किडका, डागी, सगळ्यात खालच्या प्रतीचा कापूस. आवाज चढवला नाही की चारचौघांत त्या माणसाला खाली पाहायला लावलं नाही. मी नंतर विचारलं, "नाना, तो धडधडीत खोटं बोलत होता. तुम्ही काहीच कसं म्हणाला नाहीत?" तर हसून म्हणाले, "मास्तर, माल बोलना ना. मंग मी कसाले बोलू?" ओला माल स्वतःच बोलला होता.

ज्या माणसाचं काम असं दुसऱ्याचा माल तपासायचं, त्याला मात्र त्याच्या गावानेच संशयाच्या तराजूत घातलं होतं. नाना मूळचे सोनगीरचे. आई-वडील लवकर गेले. बारा वर्षांनी धाकटा भाऊ सुपडू, त्याला नाना आणि अक्कानेच वाढवलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर एक-दोन वर्षांतली गोष्ट. एका सकाळी सुपडू सायकलला ज्वारीचा डबा बांधून दळायला गेला. गिरणीवर डबा ठेवला, गिरणीवाल्याला "येतोच" म्हणाला, सायकल भिंतीला टेकवली आणि हायवेच्या दिशेने चालत गेला. तो परत आला नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा. दुपारी नाना शोधत गिरणीवर गेले तेव्हा सायकल तिथेच होती आणि डब्यात पीठ दळून तयार होतं. विहिरी पाहून झाल्या, रेल्वे स्टेशनं झाली, पोलीस झाले, सुरतेला आणि मुंबईला नातेवाईक फिरून आले... काही नाही. आणि मग गाव बोलायला लागलं. दोन भाऊ, एक शेत, त्यातला एक नाहीसा झाला तर शेत कोणाचं? तोंडावर कोणी म्हणत नसे, पण नाना पारावर आले की चाललेलं बोलणं थांबायचं. ते बोलणं आमच्याही घरात आलं. अक्का माहेरी आलेली असताना माझ्या वडिलांनी दार लोटून तिला विचारलं, "खरं काय ते सांग." त्यानंतर दोन वर्षं अक्का माहेरची पायरी चढली नाही. शेवटी नानांनी सोनगीर सोडलं आणि जळगाव धरलं. सुपडूच्या वाट्याचं शेत त्यांनी विकलं नाही, सातबाऱ्यावरचं त्याचं नावही कमी करू दिलं नाही. गाव म्हणालं, हा देखावा आहे. मी तेव्हा नुकता मास्तर झालो होतो. मी काहीच म्हणालो नाही. पण मनात ती पाल चुकचुकत राहिली, हे आज कबूल करतो.

ऐंशी सालच्या आसपास नानांना पुस्तकांचा नाद लागला, आणि तोही भलत्याच पुस्तकांचा. जळगावात युसूफभाई म्हणून रद्दीवाले होते. त्यांच्याकडे कुठल्याशा मिशन बंगल्याच्या आवराआवरीतून इंग्रजी कादंबऱ्यांची दोन खोकी आली. नाना जुने पेपर विकायला गेले आणि त्यांतली दोन-तीन पुस्तकं घेऊन आले. मी ती चाळली आणि चक्रावलो. विज्ञानकथा म्हणावी तर पानोपानी बायबलची वचनं, धर्माचं पुस्तक म्हणावं तर त्यात उपग्रह, संगणक आणि अणुबॉम्ब. गोष्ट थोड्याफार फरकाने तीच. एका सकाळी जगातली काही माणसं जागच्या जागी नाहीशी होतात. शेतात ट्रॅक्टर चालूच असतो, चुलीवर कॉफी उतू जात असते आणि माणूस नसतो. देवाने आपल्या माणसांना वर उचलून नेलेलं असतं. मागे उरलेल्यांवर कोणी एक जगाचा हुकूमशहा राज्य करतो, तो प्रत्येकाच्या मनगटावर आकडा उमटवतो आणि आकडा नसेल त्याला दुकानात पावही मिळत नाही. मग युद्ध, भूकंप, आकाशातून आग, आणि सगळ्याचा शेवट. आम्ही घरात त्यांना 'जगबुडीची पुस्तकं' म्हणायला लागलो. युसूफभाई तर नाना रस्त्यावरून जाताना दिसले की दुकानातूनच ओरडायचे, "नाना, आपका कयामतवाला माल आया है!"

नाना जुने मॅट्रिक. इंग्रजी बेताचं, पण डिक्शनरी मांडीवर घेऊन चिवटपणे वाचायचे. वाचायची पद्धतही ग्रेडरचीच. पहिलं पान कधी उघडायचे नाहीत. पुस्तकाच्या मधोमध अंगठा घालायचे, तिथली दोन पानं वाचायचे, आणि युसूफभाई रद्दी ओली करून विकतात अशी शंका असल्यासारखं ते पान खरोखर गालाला लावून बघायचे. यावर मी हसलो की म्हणायचे, "हसा मास्तर. वरला थर बठ्ठाच चांगला लावतस." वर सगळेच चांगलं मांडतात, पण आतला माल बरा निघाला तरच पुस्तक सुरुवातीपासून वाचायला घ्यायचे आणि संपलं की पहिल्या पानावर पेन्सिलीने प्रत लिहायचे. बहुतेकांवर 'फेअर', म्हणजे मधली प्रत, असायचं, काहींवर 'कवडी'. सगळ्यात वरची प्रत 'सुपर', ती लिहिलेलं मी एकही पाहिलं नाही.

आता एवढ्यावर एखाद्याने मेहुण्याच्या छंदाचं कौतुक केलं असतं. मी मात्र सुतावरून स्वर्ग गाठला. आधी मला वाटलं, नाना धर्म बदलणार. नातेवाइकांत तशी कुजबुज होतीच, मी तिला खतपाणी घातलं. मग त्याहून वाईट विचार आला. या सगळ्या पुस्तकांत शेवटी निवाडा होतो, लपवलेली पापं उघडी पडतात. मनात काही असल्याशिवाय चांगला धडधाकट माणूस वर्षानुवर्षं निवाड्याची पुस्तकं का वाचेल? गावाने जे कधीच ठरवून टाकलं होतं, ते मला नव्याने आठवायला लागलं. त्यात दर रविवारी सकाळी नाना ज्वारीचा डबा सायकलला लावून बाहेर पडायचे आणि दोन-अडीच तासांनी परतायचे. गिरणी घरापासून पाच मिनिटांवर. एवढा वेळ हा माणूस जातो कुठे? एका रविवारी मी अक्काकडे मुक्कामाला होतो. पायजमा चढवला आणि वीस पावलं मागे ठेवून नानांच्या पाठोपाठ निघालो. मनात पक्कं होतं की स्वारी चर्चला जाणार.

नाना गिरणीत गेले. मी समोरच्या पानटपरीच्या आडोशाला उभा राहिलो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. बायका येत होत्या, डबे रांगेत ठेवून घरी जात होत्या. नाना तिथल्या बाकावर बसून पुस्तक वाचत होते. एकदा वर न बघताच त्यांनी हाक मारली, "मास्तर, उन्हात कसाले उभा शेतस? आठे या. नंबर लागाले टाईम शे." माझी अशी काही फजिती झाली की विचारू नका. गिरणीवाला हसून म्हणाला, "नानांसारखं गिऱ्हाईक नाही बघा. डबा टाकून कधी जात नाहीत. पीठ हातात पडेपर्यंत इथून हलत नाहीत." हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. इंग्रजीचा मास्तर, दुसऱ्याच्या ओळींमधलं वाचायला शिकवणारा... आणि हे मला वाचता आलं नाही.

मी शेजारी बसलो. पट्ट्याच्या फटफटाटात मोठ्याने बोलावं लागत होतं. नानांच्या हातातल्या पुस्तकावर, चष्म्यावर, भुवयांवर पिठाचा बारीक थर बसला होता. त्यांनी शेवटचं प्रकरण काढलं आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं. भाषा जुन्या बायबलच्या वळणाची, वाक्यं लांबलचक. ते म्हणाले, "मास्तर, आठे माले अर्थ लागत नही. सुरवातले ज्या गायब व्हयनात, त्या शेवटले वापस येतस का? नीट वाचीसन सांगा."

मी वाचलं. अर्थ अवघड नव्हता. त्यात लिहिलं होतं की आकाश उघडतं, येशू ख्रिस्त पुन्हा येतो आणि नाहीसे झालेले सगळे त्याच्याबरोबर परत येतात, ओळखू येतील अशा आपापल्या चेहऱ्यांनिशी. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "नाही. कोणी परत येत नाही. गेले ते गेले, असंच लिहिलंय." हे मी त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणालो. एका दगडात दोन पक्षी मारायचे होते मला. एक तर पुस्तकांवरचं त्यांचं मन उडवायचं होतं, आणि दुसरं म्हणजे मला बघायचं होतं की कोणी परत येत नाही हे ऐकल्यावर या माणसाच्या तोंडावर काय उमटतं. सुटका वाटते का? हायसं वाटतं का? सख्ख्या मेहुण्याच्या पोटात मी कोपरापर्यंत हात घातला होता, आणि वर स्वतःला हुशार समजत होतो.

नानांच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं." पुस्तक पिशवीत टाकलं आणि नंबर आला म्हणून डबा उचलायला उठले.

त्यानंतर नानांचं वागणं तिळभरही बदललं नाही. मी गेलो की तसंच अगत्य, तशीच थट्टा. पुस्तकं चालूच होती, एखाद्या अडलेल्या शब्दाचा अर्थही विचारायचे. शेवटचं पान मात्र पुन्हा कधी माझ्यापुढे धरलं नाही. मला वाटलं, माझी मात्रा लागू पडली. पुढच्या दिवाळीला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक निळा एरोग्राम दिसला, त्याच्या कडेचे पट्टे वर डोकावत होते, आणि माझं डोकं पुन्हा चालायला लागलं. जळगावच्या ग्रेडरला परदेशात पत्र लिहायचं काय कारण? पुस्तकांच्या मागे छापलेल्या पत्त्यावर नाना लिहितात की काय? मी अक्काला स्वयंपाकघरात गाठलं आणि लक्ष ठेवायला सांगितलं. तिने पोळी उलथत माझ्याकडे बघितलंही नाही. मी मास्तर झाल्यापासून घरातही पुस्तकी बोलतो म्हणून ती माझ्याशी मुद्दाम आपलं घरचंच बोलते. म्हणाली, "तूच ठेव लक्ष. तुले दुसरं काम काय शे?"

वर्षं गेली. नाना निवृत्त झाले. युसूफभाई वारले, त्यांच्या मुलाने दुकान मोडलं, नवीन जगबुडी यायची बंद झाली. नाना तीच ती पुस्तकं पुन्हा वाचायचे. दर रविवारी सायकल, डबा, गिरणीचा बाक. छातीत दुखायला लागल्यावर डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली तर डबा हातात धरून चालत जायला लागले. अक्का म्हणाली, अहो, टाकून या ना डबा, मग कोणीही आणेल. त्यांनी ऐकलं नाही. गेले तेही एका दुपारी खाटेवर पडल्या पडल्या, कोणालाही त्रास न देता.

दिवसकार्य आटोपल्यावर अक्काने मला त्यांची पत्र्याची पेटी उघडून दिली. "इंग्रजी शेतस, तुलेच लागथीन," म्हणाली. चाळीसएक पुस्तकं होती. मी एकेक उघडत गेलो. फेअर, कवडी, फेअर... गिरणीवरचं ते पुस्तक मी मुखपृष्ठावरून ओळखलं. पहिल्या पानावर प्रत लिहिलेली नव्हती. जागा कोरी होती. मधोमध अंगठा घालून उघडलं तर शिवणीतून पीठ सांडलं, माझ्या पँटीवर पांढरी रेघ पडली. शेवटच्या प्रकरणात त्या परिच्छेदाखाली एकेका शब्दाचा अर्थ पेन्सिलीने लिहिला होता, डिक्शनरीतून शोधून, अगदी बारीक अक्षरात, आणि तो अर्थ बरोबर होता. त्याच्या बाजूला, समासात, तीनच शब्द होते. 'मास्तरांचा अर्थ : कवडी.'

त्याच पानात तो निळा एरोग्राम होता. न पाठवलेला. आत मोठ्या अक्षरांत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार ओळी. मराठीत सांगायचं तर असं काहीसं... 'महाशय, तुमच्या पुस्तकात गेलेली माणसं शेवटी परत येतात. माझा एक प्रश्न आहे. मधल्या काळात मागे राहिलेल्याने गाव सोडून घर बदललं असेल, तर परत येणाऱ्याला नवीन घर सापडतं का? की मागे राहिलेल्याने जुन्या गावीच थांबायला हवं होतं?'

नानांनी ही पुस्तकं कोणासाठी वाचली ते कळायला मला त्यांचं मरण लागलं. निवाड्याशी, धर्माशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. डबा मागे ठेवून माणूस नाहीसा होतो, हे ज्यांच्यात लिहिलेलं होतं अशी जगातली तेवढीच पुस्तकं त्यांना सापडली होती. आणि तेवढ्यातही माझी खोड बघा. पत्र वाचून डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी मनात आलं, हे माझ्या हाती पडावं म्हणून मुद्दाम ठेवलं असेल का? ग्रेडर होते, माझी पारख त्यांना होती... माझी मलाच शिसारी आली. पत्र टाकलं का नसेल, ते मला नीट कळतं. इंग्रजी तपासून घ्यायला त्यांच्याकडे माणूस एकच होता, आणि त्याचा माल एकदा ओला निघाला होता.

गेल्या रविवारी पुन्हा अक्काकडे गेलो. सकाळी तिने डबा पुढे केला. मी गिरणीवर गेलो, डबा रांगेत लावला आणि बाकावर ते पुस्तक उघडून बसलो. घरी परत जायचा मोह झाला, पाच मिनिटांवर तर घर. पण उठलो नाही. नंबर यायला दोन तास लागले. शेवटचं प्रकरण मी सावकाश, एकही शब्द न गाळता वाचून काढलं. पीठ घेऊन घरी आलो तेव्हा डबा अजून गरम होता. अक्का चाळणी घेऊन ओसरीत बसली. मी तिच्या समोर बसलो आणि म्हणालो, "अक्का, एकदा गिरणीवर नानांनी मला एक अर्थ विचारला होता. मी खोटा सांगितला."

ती चाळत राहिली. "माले मालूम शे. त्याच दिन घर ईसन सांगं तेस्नी."

"काय म्हणाले?"

"म्हने, मास्तर माले तपाशी राह्यना व्हता. तपासू दे, म्हने. बठ्ठा गाव तपाशी चुकना, तो ते घरना शे."

"म्हणजे सगळं गाव तपासून मोकळं झालं, मी तर घरचाच... रागावले नाहीत?"

"नही," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली, आणि मान वर न करता. चाळणीच्या कडेवर ती हाताने उगाचच थापट्या मारत होती. नाना खरंच तसं म्हणाले होते, की माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून अक्काने ते आत्ता, तिथल्या तिथे रचलं? मी तिच्या तोंडाकडे बघायला गेलो... आणि नजर खाली घेतली.

"बरं," मी म्हणालो, आणि रिकामा डबा उचलून आत ठेवला.